सांता फे येथील सहलींचा पूर्वेतिहास

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, न्यू मेक्सिको नावाच्या रुक्ष आणि तांबूस मातीच्या मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर स्पॅनिश अंमलदारांनी १६१० च्या सुमारास सांता फे हे राजधानीचे शहर वसविले. पुढे त्या शहराचे नाव धारण करणारा जो लोहमार्ग पश्चिमेकडे निघाला, त्याने चढणीच्या अडचणीमुळे त्याच शहराला बगल दिली आणि १८८० साली लामी या ठाण्यापासून १८ मैलांचा एक फाटा टाकून त्याची बोळवण केली. व्यापाराच्या दृष्टीने शहराचे यात नुकसानच झाले. परंतु तेथील मातीचे वाडे, अरुंद गल्ल्या आणि भोवतालची पुएब्लो लोकांची शेकडो वर्षे नांदती असलेली गावे नव्या युगाच्या धामधुमीतून बचावली, त्याचे पुष्कळसे श्रेय या उपेक्षेलाच द्यावे लागते. ज्या लोहमार्गाने शहर टाकले, त्यालाच पुढे अर्ध्या शतकाच्या आत तेथील प्रेक्षणीय स्थळांच्या सहलींची तजवीज करावीशी वाटली.

लोहमार्गाच्या ठाण्यांवरील भोजनगृहांचा मक्ता १८७६ पासून फ्रेड हार्वी या मूळच्या इंग्रज गृहस्थाकडे होता, आणि १९०१ साली त्याच्या निधनानंतर त्याच्या वारसांनी तो कारभार पुष्कळ वाढविला. शिकागोहून कॅलिफोर्नियास जाणारा उतारू हा मुलूख गाडीच्या खिडकीतूनच पाहत असे; त्याला मध्येच उतरवून घ्यावे, मोटारीने तीन दिवस आडवाटेचा प्रदेश दाखवावा आणि पुढच्या ठाण्यावर पुन्हा गाडीत बसवावे, अशी योजना १९२६ च्या मे महिन्यात ‘इंडियन डिटूर्स’ या नावाने सुरू झाली. न्यू मेक्सिकोतीलच लास व्हेगस या गावी उतरायचे, सांता फेच्या ‘ला फोंदा’ या हॉटेलात मुक्काम करायचा आणि अल्बुकर्की येथे पुन्हा गाडी धरायची, असा तिचा क्रम होता. बंदोबस्त मेजर हंटर क्लार्कसन यांच्याकडे होता. पुढे सांता फेहून एका दिवसात जाऊन येण्याच्या सहलीही याच दप्तरातून आखल्या जाऊ लागल्या.

पण मोटारी आणि हॉटेले कोणताही धनवान व्यापारी उभी करू शकतो. या उपक्रमाला जे वैशिष्ट्य लाभले, ते एर्ना फर्गसन या विदुषीमुळे. अल्बुकर्कीच्या एका जुन्या व्यापारी घराण्यात १८८८ साली जन्मलेल्या या बाईंनी कंपनीच्या आधीच, एका मैत्रिणीच्या साह्याने, स्वतःच्या सहली चालविल्या होत्या. पुएब्लोंच्या नृत्योत्सवांचा त्यांचा व्यासंग इतका गाढ होता की, १९३१ साली त्याच विषयावर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक मोटारीबरोबर जाणाऱ्या मार्गदर्शिकांच्या शिक्षणाची जबाबदारी कंपनीने त्यांच्यावर सोपविली. या सुशिक्षित तरुणींना इतिहास, पुरातत्त्व, भूस्तर, वनस्पती आणि स्थानिक रीतिरिवाज यांचे रीतसर पाठ दिले जात, आणि मखमली पोलके व चांदीचे अलंकार हा त्यांचा वेष असे. सहलीच्या आखणीत दृश्याइतकेच महत्त्व ते उलगडून सांगणाऱ्याला आहे, ही गोष्ट ज्या काळी स्त्रियांना विद्येच्या जोरावर मिळणारे व्यवसाय थोडेच होते, त्या काळी स्त्रियांच्याच हातून सिद्ध झाली, याचे मला अतिशय मोल वाटते.

त्यांनी दाखविलेली स्थळेही तशाच तोलाची होती. फ्रिहोलेस दरीत तेव्हा मोटार उतरत नसे. कड्यावर वाहन सोडून पायवाटेने खाली जावे, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात खोदलेली घरे दृष्टीस पडत. पुये येथे मैलाहून लांब पसरलेल्या कड्यात तशीच वसती होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रहिवासी अवर्षणामुळे नदीकाठी उतरले, आणि सांता क्लारा गावचे लोक स्वतःस त्यांचे वंशज मानतात. सान इल्देफोन्सो गावी मारिया मार्तीनेझ व तिचा पती हुलियान काळ्या चकचकीत पृष्ठावर काळीच मंद नक्षी उमटविणारी मडकी घडवीत. भट्टीतील विस्तवावर शेणाची भुकटी टाकून धूर आतल्या आत कोंडला की तांबडी माती काळी होते. आणि या कलेला सहलींमुळे जे गिऱ्हाईक मिळाले, त्याने साऱ्या गावाच्या संसाराला आधार दिला.

तथापि या वैभवाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. १९२१ व १९२३ साली सरकारच्या इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी मूळ रहिवाशांच्या नृत्यांना आळा घालण्याचे हुकूम काढले होते, आणि तीन वर्षे उलटतात न उलटतात तोच त्याच नृत्यांची जाहिरात करून तिकिटे विकली जाऊ लागली. १९२४ साली नागरिकत्व मिळूनही न्यू मेक्सिकोत या लोकांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४८ साली, तोही इस्लेता गावच्या मिगेल त्रुहियो यांनी न्यायालयात दाद मागितली तेव्हा. ज्यांच्या अंगणात उतारू उतरत, त्यांना सहलीचे नियम ठरविण्याचा अधिकार मुळीच नव्हता, असे म्हणता येणार नाही. कित्येक विधी त्यांनी परक्यांपासून कटाक्षाने दूर ठेवले. परंतु नफ्याचे आणि वर्णनाचे सूत्र परक्यांच्याच हाती होते, आणि हा अन्यायच होय.

महामंदीने उतारू आटले, १९३१ साली कंपनीने हा व्यवसाय क्लार्कसन यांनाच विकला, आणि खाजगी मोटारींचा सुळसुळाट झाल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही. आज पुयेच्या कड्यावर प्रवेश व मार्गदर्शन दोन्ही सांता क्लारा गावच्या लोकांच्याच हाती आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा मुलाबाळांना भेटायला जाणाऱ्या मराठी वाचकांनी त्या प्रदेशात सहल आखावी, तर माझी एवढीच विनंती आहे की, जाण्यापूर्वी गाव पाहुण्यांना खुले आहे की नाही याची चौकशी करावी, छायाचित्रास मनाई असेल तेथे कॅमेरा बाहेर काढू नये, आणि वाटाड्या त्या गावचाच घ्यावा.