वॉल लाइट लावायचाय? मग प्लास्टरच्या आधीच जागा ठरवा

ढोकी, तेर, कळंब भागात जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं की चर्चा होते ती सिमेंट, सळई आणि फरशीची. वॉल लाइटची आठवण येते रंगकाम झाल्यावर. मग मशीन लावून नवी कोरी भिंत फोडायची, पाइप टाकायचा आणि ठिगळ मारून परत रंग द्यायचा. खर्च दुप्पट होतोच, पण प्रश्न फक्त पैशाचा नाही, भिंतीच्या ताकदीचाही आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच

माळवदाच्या जाडजूड भिंतीत दिव्यासाठी कोनाडा किंवा देवळी असायची. ती भिंत रचतानाच सोडली जायची, नंतर कोरली जायची नाही. दिवा कुठं लागणार हे घर बांधतानाच ठरलेलं असायचं. आजच्या वॉल लाइटलाही हाच नियम लागू होतो.

भिंत फोडताना काय बघायचं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जड भिंती आणि त्यावरचं माळवदाचं ओझं हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्यामुळे भिंतीची काळजी काय असते, हे या भागाला वेगळं सांगायला नको.

वायरिंगचा पाइप दडवायला भिंतीत जी झिरी मारतात, तिलाही मर्यादा आहे. वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे ९ इंची भिंतीत उभी झिरी जास्तीत जास्त ३ इंच, आडवी दीडच इंच. आडव्या झिरीने भिंतीचा भार घेणारा भाग लांबपर्यंत कापला जातो, म्हणून तिथं नियम कडक आहे. शक्यतो पाइप वरून सरळ खाली आणा. साडेचार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर झिरी मारू नका. आणि कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही.

कुठं आणि किती उंचीवर?

हॉल आणि पॅसेजमध्ये दिव्याचा मध्य फरशीपासून साडेपाच ते सहा फुटांवर ठेवा. त्यापेक्षा खाली आला तर उघडा बल्ब थेट डोळ्यात जातो. पॅसेज अरुंद असेल तर भिंतीला चिकटून बसणारा दिवा घ्या. फार बाहेर आलेला दिवा येता-जाता खांद्याला लागतो.

पलंगाजवळ माप टेपने घेण्याआधी अंगाने घ्या. पलंगावर टेकून बसा आणि खांद्याच्या थोडं वर खूण करा. बटण झोपल्या जागेवरून हाताला आलं पाहिजे.

आरशाच्या वर एकच दिवा लावला तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दाढी-मेकअपला त्रास होतो. त्यापेक्षा आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावा.

जिन्यात प्रत्येक पायरीची कड दिसेल असा प्रकाश हवा आणि खाली-वर टू-वे स्विच. घरात आजी-आजोबा असतील तर खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा आधी ठरवा, शोभेचे नंतर.

दिवा कोणता घ्यायचा?

खोक्यावर केल्विन बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, बेडरूम-हॉलसाठी. ४००० म्हणजे मधला, आरशाजवळ चांगला. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, रात्री डोळ्यांना टोचतो. अंगणातही पिवळसर बरा, त्यावर पावसाळी किडे तुलनेने कमी येतात.

बाथरूममध्ये किमान आयपी ४४ आणि उघड्यावर आयपी ६५ असं लिहिलेला दिवा घ्या. ते पाण्या-धुळीपासूनच्या संरक्षणाचे आकडे आहेत.

विजेचं म्हणाल तर ५ वॅटचे सहा एलईडी रोज ५ तास लावले, तरी ३० दिवसांत साडेचारच युनिट होतात.

मिस्त्रीला हे नक्की सांगा

- भिंतीवर खडूने प्रत्येक पॉइंटची खूण करा आणि उंची लिहा.
- प्रत्येक पॉइंटला अर्थिंगची वायर हवीच. बाहेरच्या आणि बाथरूमच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी.
- जिना आणि पॅसेजचा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेल्यावर गरज तिथंच पडते.
- प्लास्टरच्या आधी पाइपांशेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा मारताना हाच फोटो कामाला येतो.

जुनं घर असेल तर?

दगड-मातीच्या भिंतीला झिरी मारण्याच्या फंदात पडू नका. पट्टी फिटिंग करून वायर वरूनच न्या. आणि देवळी शाबूत असेल तर उत्तमच. तिच्यात छोटा पिवळसर एलईडी बसवला की भिंत न फोडता वॉल लाइट तयार!