उपासनावास्तूंचा पुनर्वापर, परधर्मीय (ज्यू धर्मशास्त्र)

अन्य धर्माच्या उपासनेसाठी वापरलेली वास्तू ज्यू माणसाने राहण्यासाठी किंवा प्रार्थनेसाठी घ्यावी की नाही, याविषयीचे हलाखातील (ज्यू धर्मशास्त्रातील) नियम. त्यांचा पाया मिश्ना या ज्यू मौखिक नियमांच्या प्राचीन संग्रहातील ‘अवोदा झारा’ या मूर्तिपूजाविषयक प्रकरणात आहे. मूर्तिपूजेसाठीच बांधलेले घर निषिद्ध. पूजेसाठी गिलावा किंवा नक्षी केली असेल, तर तेवढे नवे काम काढायचे. मूर्ती नुसती आणून ठेवली आणि नंतर हलवली असेल, तर घर मोकळे. डोंगराची पूजा झाली तरी डोंगर निषिद्ध होत नाही. घराचे दगड मात्र आधी सुटे असतात, मग जोडले जातात, म्हणून तालमूद (मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ) घराला डोंगराची सवलत देत नाही.

दुसरा मुद्दा त्यागाचा. परधर्मीय उपासकाने स्वतःच मूर्तीचे देवपण रद्द केले की बंदी उठते. ज्यू माणसाला ते करता येत नाही. उपासकांनी शांततेच्या काळात सोडून दिलेली मूर्ती मोकळी, युद्धात सोडलेली नाही, कारण ते परतण्याच्या आशेने गेलेले असतात.

चर्चविषयीचा खरा वाद इथून पुढचा आहे. मिश्नातील पहिली बंदी घराचीच पूजा होत असेल तेव्हाची, असे काही भाष्यकार मानतात. चर्चची इमारत स्वतः पूजली जात नाही. ऑटोमन साम्राज्यातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलियाहू मिझराही यांनी नित्य परधर्मीय पूजा झालेल्या घरात प्रार्थनेस मुभा दिली. सतराव्या शतकात रब्बी आव्राहाम गोंबिनर यांनी ‘मागेन आव्राहाम’ या भाष्यात तिची नोंद घेतली. विसाव्या शतकात अमेरिकेत रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी मात्र चर्चचे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह) करण्यास नापसंती दर्शवली.

अशा पुनर्वापराचे एक उदाहरण लंडनच्या ब्रिक लेनवर आहे. तिथली वास्तू अठराव्या शतकाच्या मध्यात फ्रेंच हुगेनो (प्रॉटेस्टंट) निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली. 1819 मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली. 1898 मध्ये तिथे सिनेगॉग उभे राहिले ते ‘माहझिके हादात’ या कर्मठ मंडळींचे. आधीच्या दोन्ही प्रॉटेस्टंट पंथांच्या उपासनेत मूर्तीला स्थान नव्हते. 1976 पासून तिथे मशीद आहे.

मशिदीबाबत प्रश्न सौम्य आहे. मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीझ (रामबाम) यांनी मुस्लिमांना मूर्तिपूजक मानले नाही, त्यामुळे त्या मतानुसार ‘अवोदा झारा’तील बंदी मशिदीला लागत नाही.