क्लब फुटबॉल, महाराष्ट्र व गोव्यातील : प्रशिक्षक, अर्थकारण आणि पाठीराखे

स्वतःचे नाव, रंग व नोंदणीकृत खेळाडू असलेली आणि एखाद्या साखळी स्पर्धेत हंगामभर उतरणारी संस्था म्हणजे फुटबॉल क्लब. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो व गुणांच्या बेरजेवर विजेता ठरतो. तळाच्या संघाला खालच्या गटात ढकलले जाते, त्यास पदावनती म्हणतात. महाराष्ट्र व गोव्यातील क्लबांचे पोशिंदे कोठे कंपनी, कोठे व्यापारी घराणे, तर कोठे शहरातील एखादी पेठ असे राहिले आहेत. क्लब चालवणारा पैसा कोणाचा, यावरच प्रशिक्षक किती काळ टिकणार, पाठीराख्यांच्या शब्दाला किती वजन असणार आणि क्लबला टाळे लावण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हे ठरत आलेले आहे.

ब्रिटन व आयर्लंडमध्ये संघनिवड, डावपेच, सराव आणि खेळाडूंची खरेदी-विक्री अशी बहुतेक सूत्रे ज्याच्या हाती परंपरेने असतात त्याला मॅनेजर म्हणतात. भारतात हे काम मुख्य प्रशिक्षकाकडे असते, आणि मॅनेजर म्हणजे प्रवास, नोंदणी, किट व शिस्त पाहणारा पदाधिकारी. पराभवांची मालिका लागली की येथेही पद जाते ते प्रशिक्षकाचेच. मात्र ज्या खेळाडूंच्या जोरावर त्याने जिंकावे अशी अपेक्षा असते, ते पुष्कळदा त्याने निवडलेले नसतात.

मुंबईत संघटित फुटबॉलला लष्करी पलटणींनी वळण लावले. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही नियामक संस्था आकाराला आली. स्वातंत्र्योत्तर काळात कूपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया, राष्ट्रीय केमिकल्स अशा आस्थापनांचे संघ खेळू लागले. येथील खेळाडू हा प्रथम नोकरदार असे. त्याचे नाव पगारपत्रकावर असे, सरावासाठी त्याला कामातून सवलत मिळे आणि पाय थकल्यावरही टेबल-खुर्ची शाबूत राहत असल्याने मध्यमवर्गीय घरांना हा सौदा परवडणारा वाटे. क्लबचा वेगळा जमाखर्च मांडण्याची गरज नसे, कारण संघ हा आस्थापनेच्या खर्चातील एक किरकोळ बाब होता. तिकीटविक्रीवर कोणी अवलंबून नव्हते, आणि म्हणूनच प्रेक्षक आले काय अन् न आले काय, संघाचे काही अडत नव्हते.

या व्यवस्थेचा शेवटचा मोठा नमुना म्हणजे महिंद्र युनायटेड. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून उभा राहिलेल्या या क्लबने डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तरीही २०१० मध्ये उद्योगसमूहाने शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवण्याचे ठरवले आणि संघ विसर्जित झाला. त्याआधी २००७ मध्ये एस्सेल समूहाने स्थापन केलेला मुंबई एफसी हा क्लब तुटपुंज्या साधनांवर आय-लीग या राष्ट्रीय साखळीत तग धरून होता, आणि याचे श्रेय बहुतांशी २००९ पासून २०१६ पर्यंत प्रशिक्षक राहिलेल्या खालिद जमील यांच्या चिवट, बचावप्रधान पद्धतीकडे जाते. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला गेला व पुढे बंद पडला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रशिक्षकाची किंमत त्याला सोडल्यावर कळते, याचा एवढा रोकडा पुरावा भारतीय फुटबॉलमध्ये दुसरा सापडणे कठीण.

कारखानदारी आली म्हणजे क्लबही येतो, असे मात्र नाही. पालघर जिल्ह्यातील घिवली गावाशेजारी १९६९ पासून तारापूर अणुवीजकेंद्र चालू आहे आणि जवळच बोईसर-तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तरी या पट्ट्यातून राष्ट्रीय साखळीत उतरणारा फुटबॉल क्लब निघालेला नाही. मुंबईत कंपन्यांना मैदान, स्पर्धा व नियामक संस्था आयत्या मिळाल्या होत्या.

पुण्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो आखूडच आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी (२००७) २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ च्या सुमारास मिटला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढाच टिकला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये केशरी जर्सी घालून ओरडणाऱ्या तरुणांना क्लब शहर सोडून जात असल्याबद्दल कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची तरतूदच कोठे नव्हती.

गोव्यात फुटबॉल गावागावांत रुजलेला असला तरी राष्ट्रीय दर्जाचे क्लब पोसले ते प्रामुख्याने उद्योजक घराण्यांनी. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे त्यांतील प्रमुख. धेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि ती सर्व आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत. मालक बदलत नव्हता, प्रशिक्षक स्थानिक होता, खेळाडूंना तो त्यांच्या गावावरून व घरावरून ओळखत होता; इतके स्थैर्य भारतात फार थोड्या संघांच्या वाट्याला आले. चर्चिल ब्रदर्सची तऱ्हा वेगळी होती : आलेमाव या राजकीय घराण्याच्या हातातील या क्लबने २००८-०९ व २०१२-१३ ची विजेतेपदे निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या काळात मिळवली. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले आणि खाणींशी निगडित पैशाचा ओघ आटला. त्यातच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला अग्रस्थान देणारा आराखडा पुढे केल्यामुळे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो पुढे त्या स्पर्धेत परतला.

इंडियन सुपर लीगमध्ये (२०१४ पासून) क्लब ही मुळात ठरावीक शुल्क भरून घेतलेली फ्रँचायझी होती. मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९ साली सिटी फुटबॉल ग्रुप या आंतरराष्ट्रीय समूहाने बहुसंख्य भागभांडवल घेतले, आणि सर्जिओ लोबेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २०२०-२१ मध्ये साखळी व अंतिम चषक दोन्ही मुंबईकडे आले. पण महासंघाने २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. तत्पूर्वीच पुढील हंगाम लांबणीवर पडला होता आणि त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडल्याचे जाहीर केले. व्यावसायिक हक्कांच्या एका कराराला टांगलेली लीग किती पोकळ असते, ते यातून दिसले.

आयर्लंडची लीग १९२१ मध्ये सुरू झाली. शेजारच्या इंग्लिश फुटबॉलच्या छायेत ती कायम पैशांच्या ओढगस्तीत राहिली आहे, आणि तेथील अनुभव येथे ताडून पाहण्याजोगा आहे. शेलबर्न हा क्लब २००६ मध्ये विजेता ठरला आणि आर्थिक गैरव्यवस्थेमुळे पुढच्याच हंगामात त्याला खालच्या गटात जावे लागले. कॉर्क सिटीची कंपनी २०१० मध्ये गुंडाळली गेली तेव्हा पाठीराख्यांच्या विश्वस्त संस्थेने क्लब पुन्हा उभा केला. डब्लिनचा बोहेमियन्स (१८९०) तर सभासदांच्याच मालकीचा आहे. त्यांच्या डॅलिमाउंट पार्क मैदानावर १९८० मध्ये गायक बॉब मार्लीचा कार्यक्रम झाला होता; त्या स्मरणार्थ २०१९ च्या हंगामासाठी मार्लीचे चित्र असलेली जर्सी जाहीर झाली, चित्राच्या हक्कांवरून ती मागे घ्यावी लागली आणि तिच्या जागी वळलेल्या मुठीची जर्सी आली. दोन्हींचा जगभर बोलबाला झाला. जर्सीविक्री हा तेथे उत्पन्नाचा खरा मार्ग आहे, कारण ती विकत घेणारा स्वतःला क्लबचा धनी समजतो.

महाराष्ट्रात या भावनेशी जवळीक सांगणारे एकच शहर आहे, ते कोल्हापूर. शाहू महाराजांच्या काळात (१८९४-१९२२) कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्यातून पेठापेठांत तालमी बहरल्या, आणि पुढे या तालमींनीच फुटबॉल संघ उभे केले; म्हणून मातीच्या आखाड्याचे नाव आणि चामडी चेंडू असा अन्यत्र न आढळणारा संयोग येथे झाला. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ व प्रॅक्टिस क्लब, शिवाजी पेठेतील श्री शिवाजी तरुण मंडळ व खंडोबा तालीम मंडळ, रविवार पेठेतील दिलबहार तालीम मंडळ, तसेच उपनगरातील फुलेवाडी क्रीडा मंडळ हे त्यांतील ठळक संघ. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, बोलीभाषेत केएसए, वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची साखळी चालवते. छत्रपती घराणे या संस्थेच्या नेतृत्वस्थानी राहिले आहे. सामने होतात ते रावणेश्वर तळ्याच्या जागी उभारलेल्या राजर्षी शाहू स्टेडियममध्ये.

येथील अर्थकारण लेखापरीक्षकाला बुचकळ्यात टाकील असे आहे. पेठेतील व्यापारी, माजी खेळाडू, नगरसेवक व उद्योजक वर्गणी देतात. कोणी किट देतो, कोणी बाहेरगावच्या खेळाडूंची राहण्याची सोय करतो, कोणी मोठ्या विजयानंतर रोख बक्षीस जाहीर करतो. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारे हात आणि संघाचा खर्च उचलणारे हात पुष्कळदा तेच असतात. साखळीबरोबर राजकीय नेत्यांच्या नावाच्या वा त्यांनी पुरस्कृत केलेल्या चषक स्पर्धा भरतात, बक्षिसाची रक्कम लाखांच्या घरात जाते आणि मालिकावीराला दुचाकी देण्यापर्यंत चढाओढ गेलेली आहे. फुटबॉलप्रेमी उद्योजक चंद्रकांत जाधव २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून आमदार झाले, यावरून मैदान आणि मतपेटी यांतील अंतर किती कमी आहे ते लक्षात यावे. पूर्वी खेळाडू बूट आणि शाबासकीवर खेळत. आता हंगामाचे मानधन ठरते, नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू आणले जातात, आणि त्यांची संख्या व कागदपत्रे यांवर केएसएला नियम घालावे लागले आहेत.

हंगामापूर्वीची खेळाडू नोंदणी हा येथे सामन्याइतकाच चर्चेचा विषय असतो. पेठेत वाढलेला एखादा आघाडीचा खेळाडू जास्त मानधनासाठी पलीकडच्या तालमीत गेला की चौकात त्याच्या निष्ठेचा हिशेब मांडला जातो. त्याने पुढे जुन्या संघावर गोल केला तर तो हिशेब कधीच मिटत नाही. प्रशिक्षक हा बहुधा त्याच तालमीचा जुना खेळाडू असतो, आणि त्याचे अधिकार मर्यादित असतात, कारण कट्ट्यावर बसणाऱ्या ज्येष्ठांपासून देणगीदारांपर्यंत प्रत्येकाला संघनिवडीबाबत मत असते व ते ऐकवण्याचा हक्कही असतो. आयर्लंडमधील सभासद क्लबच्या वार्षिक सभेत जे बोलतो, ते येथील पाठीराखा सराव चालू असतानाच बोलतो.

पाठीराख्यांच्या चढाओढीला कोल्हापुरात ईर्षा म्हणतात, आणि हा शब्द तेथे दोषवाचक नाही. स्टेडियममध्ये प्रत्येक पेठेची बसण्याची जागा वहिवाटीने ठरलेली, हलगीचा ठेका, संघाच्या रंगाचे झेंडे, प्रतिस्पर्ध्याला डिवचणारे फलक; टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकच्या फेरीला, सामना गेला की श्वास रोखला जातो. याच ईर्षेतून हुल्लडबाजी, मैदानाबाहेरील हाणामारी आणि दगडफेकही झालेली आहे; पोलिसांना लाठीमार करावा लागला आहे, स्पर्धा स्थगित झाल्या आहेत आणि संघांकडून हमी घेण्याची वेळ आली आहे. त्यात नुकसान होते ते खेळाचेच, कारण बंदोबस्ताचा भार वाढला की सामन्यांना परवानगी मिळणे अवघड होते, आणि कुटुंबासह येणारा प्रेक्षक घरी बसतो.

तालीम बुडत नाही, कारण ती कोणा एकाच्या वहीत नोंदलेली मालमत्ता नाही. पण ती वरही चढत नाही. कोल्हापूरची साखळी राष्ट्रीय लीगच्या शिडीला प्रत्यक्षात जोडली गेलेली नाही. वरच्या स्पर्धांत उतरण्यासाठी क्लब परवाना लागतो, म्हणजे तपासलेले हिशेब, पात्रताधारक प्रशिक्षक, युवा संघ व मैदानाची हमी यांची पूर्तता करावी लागते, आणि वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना ती झेपत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याची घडण मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली.