राजाचे नमस्कार आणि तलवाड्याचे ऊन

कोवळे ऊन आणि बळाचा व्यायाम यांची सांगड वृद्धांसाठी हितकर असते, हे अलीकडे नव्या शोधासारखे सांगितले जाते. मराठी मुलखात ती सांगड औंधला फार आधी घातली गेली होती. तिथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी आरंभी सॅन्डोच्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढे तो सोडून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. 1938 साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. उतारवयात माणसाने जपमाळ ओढावी असे मानणाऱ्या समाजात सत्तरीचा राजा नमस्कार घालतो, ही गोष्ट आम्हांस पुस्तकातील दाव्यांहून मोलाची वाटते.

औंधलाच राहून पंडित सातवळेकरही नमस्कारांचा पुरस्कार करीत. ते 1867 साली जन्मले, 1968 साली वारले. त्यांची शंभरी नमस्कारांच्या खाती जमा करण्याचा मोह अनेकांना होतो. पण एका आयुष्यावरून असे काही सिद्ध होत नाही.

पुरावा आला तो निराळ्या वाटेने. प्रकाशोपचारासाठी फिन्सेन यांना 1903 साली नोबेल मिळाले, पण तो उपचार त्वचेच्या क्षयावरचा होता. स्नायूंविषयीचा बॉस्टनमधील निर्णायक प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी तो क्रम पुरा केला आणि त्यांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. उन्हाविषयी मात्र थोडा विवेक हवा. पहाटेच्या किरणांनी झोपेचे घड्याळ लागते. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्या किरणांतून फारसे मिळत नाही, आणि म्हातारी त्वचा ते कमीच बनवते.

औंधच्या शाळांत नमस्कार चालत त्या काळात गेवराईजवळचे तलवाडा, त्वरितादेवीचे गाव, निजामाच्या राज्यात होते. सूर्यनमस्काराच्या इतिहासात त्या बाजूच्या शेतकऱ्याचा उल्लेख आम्हांस आढळत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. औंधचा उपदेश शाळेत बसणाऱ्या आणि बैठे काम करणाऱ्या देहांसाठी होता. बीड जिल्ह्यातून आजही दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. गावात नातवंडांना सांभाळत म्हातारी माणसे उरतात. त्यांपैकी कित्येकांनी उमेदीची वर्षे त्याच फडात घालवलेली असतात. ऊन त्यांना जन्मभर मिळाले, ओझेही मिळाले. तरी गुडघे गेलेच. श्रम आणि व्यायाम यांना आपण सहज एका पंक्तीत बसवतो. बॉस्टनच्या वृद्धांना आठवड्यातून तीनच दिवस, प्रत्येकाची ताकद मोजून वजन दिले जाई. उरलेले चार दिवस त्यांच्या पायांना विसावा होता. उसाची मोळी बांधताना उचलणाऱ्याचे वय कोणी विचारीत नाही.