अनुभवाचे मार्क कुणाला?

विद्यापीठांना आता अनुभव पाहिजे झालाय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एफपी, सीईपी, ओजेटी अशी अक्षरं आली. पोरांनी वर्गाबाहेर पडायचं, गावात-वस्तीत-कारखान्यात काम बघायचं, वही भरायची आणि क्रेडिट घ्यायचं. वाईट काही नाही. पण हे नवं म्हणून सांगतात ना, तिथं आमची हरकत आहे. दोस्तहो, ही मागणी आपली आहे आणि एकशेचाळीस वर्षांपेक्षा जुनी आहे.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतसारा भरतो तो शेतकरी, आणि त्या पैशावर शिकतो तो वरचा, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. हे आपण सभेत सांगतोच. पण त्याच निवेदनातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. गावच्या शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या, आणि शाळेला जोडून एक छोटं नमुन्याचं शेत ठेवा, म्हणजे पोरांना हातानं करून शिकता येईल, असं त्यात आहे. विद्यापीठं आज ज्याला अनुभवाधारित शिक्षण म्हणतात ते हेच की नाही?

त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. तिला कुणी शिबिराला नेलं नव्हतं. दुःख घरातच होतं, शाळेनं फक्त अक्षर दिलं. अनुभव आणि अक्षर एका हातात आले की काय होतं त्याचा हा पहिला पुरावा. मराठीच्या अभ्यासक्रमात शिरायला त्या निबंधाला किती वर्षं लागली, ते मराठीच्या प्राध्यापकांनाच विचारा.

आता भाऊराव पाटील. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर शिजवायची, एका पंगतीला बसायची, शेतात राबायची आणि शिकायची. १९२७ ला गांधी तिथं येऊन गेले. १९४७ ला साताऱ्याचं शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभं राहिलं. पुणे विद्यापीठानं पुढे ही योजना उचलली, तिला कर्मवीरांचंच नाव आहे. आपल्यातली कितीतरी पोरं या योजनेवर बी. ए., एम. ए. झाली. इथं कामामागं दोन गोष्टी होत्या : पोराला फी भरता यावी, आणि जात मोडावी. पंगत हाच तिथला खरा धडा होता.

पण सावध राहा. हातानं काम करून शिका, असं म्हणणारा प्रत्येक माणूस आपला नसतो. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी योजना आणली : पोरांनी अर्धा दिवस शाळेत बसायचं आणि उरलेला अर्धा दिवस बापाचा धंदा शिकायचा. ऐकायला किती गोड! न्हाव्याच्या पोरानं वस्तरा, चांभाराच्या पोरानं आरी, आणि वकिलाच्या पोरानं? त्यानं पुस्तकच. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपली. रान उठलं, राजाजींना जावं लागलं आणि १९५४ ला कामराजांनी ती योजना गुंडाळली. म्हणून अनुभवाच्या शिक्षणाचा कुठलाही कागद हातात आला की पहिला सवाल करायचा : हा अनुभव पोराला जातीच्या बाहेर काढतोय की परत आत ढकलतोय?

बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं. नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ त्यांना मान्य नव्हतं. विद्यापीठानं शिकवलं पाहिजे, असं त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेच्या वेळी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच मांडलं होतं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. तिथं सकाळचे वर्ग, म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्या पोराला तास करून कामावर जाता यावं. वेळापत्रक कष्टकऱ्याच्या घड्याळाला बांधणं ही साधी गोष्ट नाही. फाळी करून आलेल्या माणसाला विचारा. आणि त्या कॉलेजात पोरांची पार्लमेंट होती. देशाचा कायदामंत्री १९५० साली त्या पोरांपुढे उभा राहून हिंदू कोड बिल समजावून सांगत होता! बापाचा धंदा शिकवायला कॉलेज काढलं नव्हतं. जिथं आपल्याला कधी बसू दिलं नाही ती खुर्ची कशी चालवायची, त्याची तालीम होती ती.

औरंगाबादला १९५० मध्ये कॉलेज निघालं, तेच पुढं मिलिंद झालं. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि पोरांनी ते बाबासाहेबांपुढे केलं. या मिलिंदच्या वाऱ्यातूनच पुढं डॉ. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' उभं राहिलं. मग नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पोचिराम कांबळेला मारलं, वस्त्या जाळल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत, साडेपंधरा वर्षं, पोरं मोर्चात, जेलात, रस्त्यावर. या वर्गाला ना क्रेडिट होतं ना हजेरीपट. आज त्यावर पीएच. डी. होतात.

अण्णाभाऊंचंही तसंच. शाळेत दीड दिवस, मग मुंबईत गिरणी. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. नारायण सुर्व्यांनी तर पुस्तकाचं नावच 'माझे विद्यापीठ' ठेवलं, १९६६ साली. ज्यांचा अनुभव ते नापास आणि त्या अनुभवावर लिहिणारे डॉक्टर, हा हिशेब अजून मिटलेला नाही.

आता पालीचं घ्या. जुन्या वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाचा. २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळं कॉलेजच्या सहली आणि शिबिरं आता वाढणारच. पोरं वर जातील, पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी बघतील, फोटो काढतील, अहवाल लिहितील. पण गड नुसत्या तटानं राखला जात नाही. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर, रानात रात्रभर पहारा देणारे महार, रामोशी, मांग, बेरड होते. त्यांच्या वस्तीवर अहवालात किती पानं पडतात? श्रमदान करायचंच तर गडाच्या पायरीवर करतात, बुद्धवाड्याच्या पाणवठ्यावर किती जण येतात?

तेव्हा पुण्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी यंदा प्रोजेक्टचा विषय स्वतः मागून घ्यावा. पाली आणि आसपासच्या वाड्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं उतरून घ्या, बोलतात तसंच, शुद्ध करू नका. तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि फेरफार काढा. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, जमिनी नव्या शर्तीवर परत द्यायच्या ठरल्या. त्या कुणाच्या नावावर लागल्या, कुणी कसतोय, कुठली विकली गेली आणि परवानगी होती का, हे गटनंबरवार लिहा. कमवा-शिकात बागेत तासावर काम करणाऱ्या पोराचं काम ओजेटीत धरा, असा अर्ज द्या. आणि अहवालाची एक प्रत कॉलेजात देताना दुसरी त्याच वस्तीत, समाजमंदिरात, मोठ्यानं वाचा. चुकलं असेल तर तिथली माणसं जागच्या जागी सांगतील.