एका ओळीतला टाईपरायटर

परवा कनेरगाव नाक्याला आत्याकडे गेलो होतो. माळ्यावर तिचा जुना गोदरेज टाईपरायटर सापडला. आत्या म्हणाली, "टाईपरायटर हा इंग्रजी शब्द वरच्या एकाच ओळीत बसतो, बघ."

खरंच की! टी-वाय-पी-ई करत १० अक्षरं. प्रोप्रायटर आणि पर्पेच्युइटीही तश्शीच, १०-१० अक्षरांची.

शोल्सचं यंत्र रेमिंग्टनने १८७४ साली बाजारात आणलं. विक्रेत्यांना हा शब्द झटकन बडवता यावा म्हणून ती ओळ जुळवली, अशी दंतकथा आहे. पुरावा मात्र नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय यंत्र काढलं आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं.

आत्या ४० ची परीक्षा पास झाली होती. पण लग्न ठरलं, नोकरी राहिली.

आणि मी? त्याच ओळीवर पोट भरतोय.