सहा अंडी, पण कोणाची?

आजी होती तोवर रत्नागिरीच्या आमच्या घरात अंडं मागीलदारानं येई, पिशवीच्या तळाशी, वर कोथिंबिरीची जुडी पांघरून. ओव्हन नव्हताच. पातेल्यात वाळू, तिच्यावर केकचा डबा आणि झाकणावर निखारे. एरवी याच थाटात धोंडस होई.

आईच्या वहीत केकची कृती एका ओळीत आहे: मैदा दोन वाट्या, पिठीसाखर दोन वाट्या, लोणी एक वाटी, अंडी सहा. आई गेल्यावर वहिनीनं वहीबरहुकूम केक केला, तो चिवट झाला. दुसऱ्यांदाही तसाच. "आईचा हातच वेगळा!" असा निकाल घरातल्या पुरुषमंडळींनी दिला. (यांतल्या एकानंही जन्मात चहा गाळलेला नाही.) मला वहिनीच्या हातापेक्षा कोंबडीचा संशय आला.

आई शेजारच्या परसातली गावठी अंडी घेई. ती चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. सत्तरीनंतर पोल्ट्र्या वाढल्या, १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली आणि दुकानादुकानांत ट्रे रचले गेले. त्यांतलं पांढरंशुभ्र अंडं पंचावन्न-साठ ग्रॅमचं, लेगहॉर्नच्या वंशातलं. हे नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचं. आपल्या रत्नागिरीचं ज्यांनी 'रटनाघेरी' केलं, त्याच इंग्रजांनी त्याचं लेगहॉर्न केलं.

ही अडचण साहेबालाही होतीच. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली पाउंड केक छापला: पाउंडभर मैदा, तेवढीच साखर, तेवढंच लोणी आणि अंडी बारा, पण पांढरं फक्त सहांचं. पुढच्या सुगरणी याहून हुशार. त्यांनी अंडीच एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात त्यांच्याइतका मैदा, साखर, लोणी तोललं. मग कोंबडी कुठलीही असो.

आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं. वाटी लहान असो की मोठी, सगळं तिनंच मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. अंडं तेवढं वाटीबाहेर राहतं!

मी आईची वाटी घेऊन वाण्याच्या काट्यावर गेलो. मैदा, साखर, लोणी, प्रत्येकी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. सहा गावठी अंडी टरफल सोडून जवळजवळ तेवढीच. म्हणजे रत्नागिरीत वाळूवर माउली पाउंड केक करत होती! पोल्ट्रीची सहा घातली की तीनशे ग्रॅम होतात. केक चिवट होईल नाही तर काय? चार पुरे. फारच काटेकोर असाल तर पाचवं फेटून त्यातलं निम्मं घाला. वहिनीवरचा आळ अशा रीतीनं साधार फेटाळण्यात येत आहे.

'गावठी' म्हणून तपकिरी अंडी मात्र डोळे मिटून घेऊ नका. रंग कोंबडीच्या जातीवर असतो. पोल्ट्रीतही तपकिरी अंडी होतात आणि ती पांढऱ्याइतकीच जड असतात. परवा दुकानदाराला म्हटलं, "जरा वजन करून दे रे." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, अंडी नगावर असतात, किलोवर नाय."